पोऱ्या कोणावर गेला ते राहू द्या, आधी त्याची वही बघा

"मावशी, माझा मुलगा सहावीत आहे. तोंडी विचारलं तर धडाच्या धडा सांगतो, पण वाचायला बसवला की अडखळतो, ओळ सुटते. परीक्षेत अर्धा पेपर कोरा. मोठी मुलगी नववीत, कायम पहिल्या तिनात. सासूबाई उठता-बसता म्हणतात, 'पोऱ्या मायवर गया.' माझ्या माहेरी दहावी कोणीच झालेलं नाही. भाऊ दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायचे, त्यातच शाळा सुटली. मी दहावी नापास. जेठांचा मुलगा पुण्याला इंजिनियरिंगला, म्हणून तुलना रोजचीच. ह्याचे पप्पा काही बोलत नाहीत. ते विहिरीच्या मोटारी भरून देतात, हातात कला आहे, पण पेपर कधी वाचत नाहीत, मोबाईलवरही सगळं बोलूनच पाठवतात. मागच्या महिन्यात क्लासमध्ये एक जण बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात बुद्धी'चा रिपोर्ट देत होता. दोन हजार भरले, तीन हजार बाकी आहेत. खरंच हे माझ्या रक्तातून आलं का? त्याच्या वहीचं पान सोबत पाठवते.
– एक आई, चोपडा तालुका"

ताई,

आधी वहीच्या पानाबद्दल बोलते. निबंध पावसाळ्यावरचा आहे. त्यात 'पाऊस' तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा वेगळा: 'पउस', 'पाउस', 'पासऊ'. 'विहीर'ची 'वहीर' झालीय, तारखेतल्या १२ चे २१ झालेत. पण मजकूर काय आहे! पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आजीला ऐकू येत नाही, म्हणून तीच सगळ्यांवर ओरडते, असं लिहिलंय त्याने. मी मोठ्याने हसले. खाली लाल शाईत शेरा आहे, 'अक्षर सुधारा'. शेरा मारणाऱ्याने निबंध वाचला असेल असं मला वाटत नाही.

पत्रावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण तोंडी हुशार, वाचताना अडखळतो, ओळ सुटते, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहितो, हे सगळं एकत्र दिसलं की डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, तपासणी करायलाच हवी. तिचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही.

आता रक्ताचं. अनुवंशाचा शाळेच्या मार्कांशी काही संबंध नाही, असं सांगून तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही, कारण संबंध आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. जनुकं हुबेहूब असलेली एकसारखी जुळी आणि साध्या भावंडांइतकीच सारखी असलेली साधी जुळी यांच्या निकालांची तुलना करून २०१३ साली त्या संशोधकांनी मांडलं, की सोळाव्या वर्षीच्या तिथल्या शालांत परीक्षेत मुख्य विषयांच्या मार्कांत मुलामुलांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ५८ टक्के जनुकांशी जोडलेला आहे.

पण हा आकडा फरकाचा आहे. तुमच्या मुलाचे ५८ टक्के मार्क रक्तातून येतात, असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्याकडे केळी आहे, म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. टिश्यूकल्चरची रोपं एकाच वाणाची, जवळजवळ एकमेकांच्या नकलाच. तरी ठिबकची नळी तुंबलेल्या ओळीतला घड आणि विहिरीजवळचा घड सारख्या वजनाचे निघतात का? तिथे जो फरक पडला, तो सगळा पाण्याचा आणि मातीचा. उलट एकाच सपाट वावरात सगळीकडे सारखं पाणी देऊन दहा ठिकाणांहून आणलेलं बेणं लावलं, तर फरक बेण्याचा दिसेल. म्हणजे तो आकडा त्या वावराचा असतो, एका खोडाचा नाही. इंग्लंडमधली ती मुलं साधारण सारख्या अभ्यासक्रमाच्या, रोज भरणाऱ्या शाळांत होती. तुमचे भाऊ कुठे होते? उसाच्या फडावर, कोपीत. त्यांच्या दहावीवरून त्यांची जनुकं वाचायची म्हणजे पाणीच न दिलेल्या वावराकडे बघून बेण्याला नावं ठेवायची. तुमच्या माहेरची बुद्धी कुणी मोजलेलीच नाही, मोजली ती फक्त गैरहजेरी.

आणि सासूबाईंचा हिशोबही चुकतोच. मुलाला निम्मी जनुकं आईकडून येतात, निम्मी बापाकडून. कोणती निम्मी येतील ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. म्हणून तर तुमची लेक आणि हा लेक एकाच घरात वेगवेगळे निघाले. शिवाय 'हुशारीचं जनुक' असं एक काही नसतंच. २०१८ साली ११ लाख लोकांचा डीएनए तपासून शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेल्या १,२७१ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम नखाएवढा. लाखो जागांचा मिळून गुणांक काढला, तरी त्यातून शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्केच उलगडा झाला. ती माणसंही युरोपीय वंशाची, त्यामुळे ते गणित आपल्याकडच्या पोराला तसंच्या तसं लागूही पडत नाही. त्याच वर्षी आइसलँडमधून आणखी एक गोष्ट पुढे आली: आईबापांची जी जनुकं मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही परिणाम मुलाच्या शिक्षणावर दिसतो, आलेल्यांच्या जवळपास ३० टक्के. न आलेली जनुकं काम करतात ती घरातून, आईबाप कसे वागतात-बोलतात त्यातून.

ठसेवाल्याबद्दल फार शाई घालवत नाही. बोटांवरच्या रेषा पोटात असतानाच ठरतात, आणि त्यांवरून बुद्धी सांगण्याला शास्त्राचा आधार नाही. तो रंगीत रिपोर्ट मुलाच्या हाती लागू देऊ नका. 'अभ्यासात मध्यम' असं छापलेलं वाचलं की पोरं तसंच वागायला लागतात.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. पेपर कधी वाचत नाहीत, मोबाईलवर सगळं बोलूनच पाठवतात. जो माणूस जळालेली मोटार उघडून तिचे फेरे लक्षात ठेवून पुन्हा भरतो, तो वाचायला का टाळतो? डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. आईबापांपैकी एकाला असेल, तर मुलात येण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांच्या घरात धरतात. तुमच्या यजमानांना तो आहेच असं मी म्हणत नाही. पण ते गप्प राहतात त्याचं कारण मुलाबद्दलची बेफिकिरी नसून स्वतःच्या शाळेची आठवण असू शकेल.

ही गोष्ट सासूबाईंना सांगायची नाही. मोह होईल, ठाऊक आहे, इतक्या वर्षांचं उसनं फेडायला याहून चांगली संधी नाही. पण 'माझ्यावर नाही, तुमच्या लेकावर गेला' असं तुम्ही म्हणालात, की भांडण रंगेल आणि पोराची वही मिटलेलीच राहील. यजमानांशी दुकानात, दोघंच असताना बोला. मुलाचं काय चुकतं ते सांगू नका, नुसतं विचारा: तुम्हाला शाळेत वाचताना कसं व्हायचं? मग थांबा. बोलले तर पोराला बापाच्या तोंडून ते ऐकू द्या. आपल्या पप्पांनाही हे जड जायचं आणि तरी सगळा तालुका मोटारी त्यांच्याकडे आणतो, हे त्याला माझ्या-तुमच्या समजावण्यापेक्षा जास्त कळेल.

बाकीचं भराभर सांगते. आधी डोळे, कान आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासा. मग जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग किंवा मानसोपचार विभागात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची चौकशी करा, तिथे होत नसेल तर कुठे होते ते विचारून या. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच लागा.

घरी शंभर वेळा 'पाऊस' लिहायला लावू नका. इतिहास, विज्ञान तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने ऐकावं आणि तोंडी सांगावं. मराठीच्या चार ओळी रोज, बोट ओळीखाली धरून, न ओरडता. दहावी नापास बाईला हे जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर मला नाव कळवा. लेकीला मात्र त्याची मास्तरीण करू नका. तिचा अभ्यास तिला राहू द्या आणि त्याची बहीणही.

आणि ठसेवाल्याचे राहिलेले तीन हजार देऊ नका. त्यात डोळ्यांची तपासणी, रक्ताची तपासणी आणि जळगावच्या एसटीच्या फेऱ्या निघतील. बाईमाणूस म्हणून तुमचं तिकीट अर्धंच आहे, बारा पुरे झाले नसतील तर त्याचंही.

– मावशी