वाचकांचे प्रश्न : दिवेलागणीला भिंत न सोडणारी मुलगी

प्रश्न : मी पेठ तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. द्राक्षबागेच्या कामासाठी दिंडोरीकडे गेलेले एक कुटुंब नुकतेच परतले. त्यांची चार वर्षांची मुलगी दिवसभर नीट खेळते, पण दिवेलागणीला भिंतीला टेकून बसते आणि हाक मारली तरी जागची हलत नाही. आजी म्हणतात, पोरीला अंधाराची भीती वाटते. तिच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसतो. कार्डावर 'अ' जीवनसत्त्वाचा शेवटचा डोस दीड वर्षापूर्वीचा आहे. राहिलेले डोस मी एकदम पाजले तर चालेल का?
– एक सेविका, पेठ तालुका

उत्तर : ताई, राहिलेले डोस एकदम पाजू नका, मुलीला आजच्या आज प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्या. आपण जे वर्णन केले आहे ते भीतीचे नसून रातांधळेपणाचे आहे, आणि फेसासारखा तो ठिपका 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण आहे. मंद उजेडात पाहण्यासाठी दृष्टिपटलातील पेशींना जे रंगद्रव्य लागते, ते या जीवनसत्त्वापासूनच तयार होते. म्हणून दुपारी चेंडूमागे धावणारे मूल तिन्हीसांजेला ताटातली भाकरी हाताने चाचपू लागते. चार वर्षांच्या मुलाला 'मला दिसत नाही' असे सांगता येत नाही, कारण इतरांना दिसते हेच त्याला ठाऊक नसते.

या टप्प्यावर उपचार झाले तर दृष्टी पूर्ववत होते. एक वर्षावरील मुलाला २ लाख युनिटचा डोस लगेच, दुसरा दुसऱ्या दिवशी आणि तिसरा किमान दोन आठवड्यांनी दिला जातो. मात्र दुर्लक्ष झाले आणि त्यातच गोवर किंवा जुलाबाचे आजारपण आले, तर बुबुळ काही दिवसांत मऊ पडून विरघळू लागते, आणि त्यानंतर डोळ्यात पडलेले फूल कोणत्याही थेंबाने जात नाही. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला सलग दोन दिवस हे जीवनसत्त्व द्यावे लागते, ते याच कारणाने. शिवाय प्रश्न केवळ डोळ्यांचा नाही. इंडोनेशियातील आचे प्रांतात झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या गावांत दर सहा महिन्यांनी हा डोस दिला गेला तेथील बालमृत्यू इतर गावांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले.

आपल्याकडे हा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर १ लाख युनिट, आणि पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण नऊ डोस होतात. बाटलीसोबतच्या चमच्यावर खुणा असतात. अर्धा चमचा म्हणजे १ लाख आणि भरलेला चमचा म्हणजे २ लाख. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, ती उन्हापासून दूर ठेवावी आणि आठ आठवड्यांच्या आत संपवावी.

आता खरी अडचण पाहू. दिवाळीनंतर कुटुंब बागेवर गेले की मूल गावच्या यादीत गैरहजर असते आणि बागेजवळच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नावच नसते. दोष सेविकेचा नाही आणि आईचाही नाही; पण कुटुंब निघण्यापूर्वी एकदा कार्ड पाहून, सहा महिने उलटले असल्यास डोस देऊनच पाठवणे आपल्या हातात आहे. कार्ड आईजवळ असू द्यावे आणि पुढचा डोस जिथे असतील तिथे मागावा, हेही तिला सांगावे. आहाराबद्दल एवढेच, की नागलीच्या भाकरीचे गुण पुष्कळ आहेत, तथापि 'अ' जीवनसत्त्वासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. शेवग्याचा पाला, डांगर, पपई, पिकलेला आंबा द्यावा, आणि पाल्याच्या भाजीत थोडे तेल अवश्य असावे, कारण तेलाशिवाय ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

प्रश्न : आमचे बाळ ३१ आठवड्यांचे, १४०० ग्रॅम वजनाचे जन्मले. तीन आठवडे ते अतिदक्षता कक्षात होते. घरी सोडताना कागदावर '३० दिवसांच्या आत डोळे तपासणे' असे लिहिले आहे. आज सव्विसावा दिवस आहे. डोळे स्वच्छ दिसतात. वडीलधारे म्हणतात, आधी सप्तशृंगीचे दर्शन होऊ द्या. थांबावे का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : हे उत्तर अंक छापून येण्याची वाट न पाहता आम्ही आपल्याला फोनवर कळवले, इतरांसाठी येथे देत आहोत. थांबू नये. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या गर्भात साधारण चाळिसाव्या आठवड्यापर्यंत वाढत असतात. लवकर जन्मलेल्या बाळात ती वाढ अर्धवट राहते, आणि पुढे तिथे वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटून पडदा निसटू शकतो. हे सारे डोळ्याच्या आत घडते, बाहेरून काहीच दिसत नाही. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची ही तपासणी आवश्यक आहे. फार लहान बाळांची तर दोन ते तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर काही मिनिटे पाहतात. बाळ रडते, घरच्यांनाही ते पाहवत नाही, पण इजा होत नाही. पहिली तपासणी ठीक आली म्हणून पुढच्या तारखा चुकवू नयेत. लेझरची गरज सांगितली गेली, तर दोन-तीन दिवसांहून अधिक अवधी मिळत नाही. वणीचा गड त्यानंतर अवश्य करावा.

प्रश्न : नऊ दिवसांच्या नातवाचे डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटतात. पूर्वी आम्ही मध किंवा आईचे दूध घालत असू. घालावे का?
– एक आजी, सिन्नर

उत्तर : आजी, दोन्ही घालू नका, काजळही नको. पहिल्या महिन्यात डोळ्यांतून पू येणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते, आणि त्यातील काही प्रकार दोन-तीन दिवसांत बुबुळाला जखम करतात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घेऊन, नाकाकडून कानाकडे हलकेच पुसावे आणि बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. बाळाच्या आईलाही सोबत न्या. पुष्कळदा तिलाही औषध लागते.