हिटलर, अणुबॉम्ब, तिसरं महायुद्ध: नॉस्ट्राडेमसने हे सगळं खरंच आधी लिहून ठेवलं होतं का?

नाही. नॉस्ट्राडेमस हा सोळाव्या शतकातला फ्रेंच ज्योतिषी. त्याने भाकितं चौपद्यांत, म्हणजे चार-चार ओळींच्या पद्यांत लिहिली. त्यातल्या एका चौपदीत हिटलरचं नाव आहे असं म्हणतात, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ही भाकितं पहिल्यांदा १५५५ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात छापली गेली. आज ९४२ चौपद्या मिळतात. बहुतेकींत साल नाही, घटनांचा क्रम नाही, कोणी कोणाला मारलं हेसुद्धा धड कळत नाही. हिटलरची म्हणून सांगतात ती चौपदी म्हणते, भुकेने पिसाळलेली जनावरं नद्या ओलांडतील आणि रणभूमीचा मोठा भाग 'हिस्टर'च्या विरोधात असेल. लोक तो हिटलर असं वाचतात, पण हिस्टर हे डॅन्यूब नदीचं जुनं लॅटिन नाव. १५२६ला मोहाचची लढाई झाली, १५२९ला तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला. दोन्ही ठिकाणं डॅन्यूबच्या बाजूची आणि दोन्ही घटना नॉस्ट्राडेमसच्या तरुणपणीच्या. मला तरी यात भविष्यापेक्षा त्या काळची भीतीच जास्त दिसते.

पण खरी गंमत दुसऱ्या महायुद्धात झाली. कार्ल अर्न्स्ट क्राफ्ट नावाच्या स्विस ज्योतिषाने नोव्हेंबर १९३९मध्ये हिटलरच्या जिवाला धोका असल्याचं आधीच कळवलं होतं, आणि ८ तारखेला म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये खरोखर बॉम्ब फुटला. क्राफ्टसाहेबांची आधी चौकशी झाली, मग गोबेल्सच्या प्रचार खात्याने त्यालाच नॉस्ट्राडेमसच्या चौपद्यांतून जर्मनीचा विजय शोधायच्या कामाला बसवलं. तिकडे ब्रिटिशांनी लुई द वोल या ज्योतिषाला हाताशी धरून त्याच नॉस्ट्राडेमसच्या नावावर जर्मनीच्या पराभवाच्या बनावट चौपद्या तयार केल्या. म्हणजे युद्ध एक, भविष्यवेत्ता एक, आणि निकाल दोन! १९४१च्या मे महिन्यात हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस विमानाने ब्रिटनला पळाला, त्याचं खापर ज्योतिषांवर फोडून नाझींनी त्यांचीच धरपकड केली. त्यात क्राफ्टही आत गेला आणि १९४५मध्ये कैदेतच मेला. स्वतःची कुंडली त्याने मांडली नसेल असं नाही.

अणुबॉम्बचंही तसंच. आकाशातून आग, थरथरणारी जमीन, जळणारं शहर हे चौपद्यांत जागोजागी आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडायच्या आधी त्यातून हिरोशिमा कोणी काढून दाखवलं होतं?

२००१च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, त्यानंतर फिरलेली 'दोन भाऊ'वाली चौपदी तर नॉस्ट्राडेमसची नव्हेच. नील मार्शल या कॅनडातल्या विद्यार्थ्याने ती नव्वदच्या दशकात एका निबंधासाठी रचली होती, तीही मोघम ओळी लिहिल्या की त्या कशालाही चिकटवता येतात हे दाखवायला. लोकांनी तीच खरी म्हणून पुढे ढकलली. काही फॉरवर्डमध्ये तर खाली १६५४ साल होतं. नॉस्ट्राडेमस १५६६ला वारला.

तिसऱ्या महायुद्धाचा मेसेज पुन्हा आला की पाठवणाऱ्याला फक्त शतक आणि चौपदीचा क्रमांक विचारा. शतक म्हणजे इथे शंभर वर्षं नव्हेत, साधारण शंभर चौपद्यांचा गट.