वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमध्ये खोली घरमालकाकडून घ्यावी की एजंटाकडून?

प्रश्न : माझ्या मुलीला लीड्स येथे एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहाचे भाडे आम्हाला झेपणारे नसल्याने तिने बाहेर खोली शोधली आणि आता दोन खोल्या समोर आहेत. हेडिंग्ली भागातील एजंटाच्या खोलीचे भाडे महिना ५२० पौंड आहे. खोली राखून ठेवण्यासाठी तो १२० पौंड मागतो आणि ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार हवा म्हणतो, जो आमच्याकडे नाही. दुसरी खोली थेट घरमालकाची, ४३० पौंडांची. तो सध्या परगावी असल्याने दोन महिन्यांचे डिपॉझिट व पहिले भाडे बँकेत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो, असे त्याचे म्हणणे आहे. दलाली वाचेल म्हणून आमचा कल घरमालकाकडे आहे. आपले मत काय? — एक पालक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम, दुसऱ्या खोलीचे पैसे कृपया भरू नका. मालक परगावी, खोली दाखवायला कोणी नाही, भाडे आसपासच्या खोल्यांपेक्षा कमी आणि पैसे आधी, हा परदेशी विद्यार्थ्यांना फसवण्याचा ठरलेला प्रकार आहे. हा गृहस्थ प्रामाणिक असला, तरी त्याची मागणी कायद्यात बसत नाही. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. महिना ४३० पौंड म्हणजे आठवड्याला साधारण ९९ पौंड, म्हणून डिपॉझिटची मर्यादा सुमारे ४९६ पौंड होते, आणि तो मागतो आहे ८६०. शिवाय १ मे २०२६ पासून लागू असलेल्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टनुसार खासगी घराच्या भाडेकरारावर सह्या होण्यापूर्वी भाडे मागता येत नाही आणि सह्या झाल्यावरही एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे घेता येत नाही.

दलालीविषयीचा आपला समज पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून झालेला दिसतो. आपल्याकडे ब्रोकर भाडेकरूकडूनही महिन्याभराचे भाडे घेतो, त्यामुळे मध्यस्थ टाळला की तेवढे पैसे वाचतात, हे येथे खरे आहे. इंग्लंडमध्ये मात्र टेनंट फीज अ‍ॅक्ट लागू झाल्यापासून, म्हणजे १ जून २०१९ पासून, एजंटाला भाडेकरूकडून दलाली, करारनाम्याचा खर्च किंवा कागदपत्रे तपासण्याचे शुल्क घेता येत नाही. त्याचा मोबदला घरमालक देतो. तेव्हा आपल्या खिशातून वाचण्यासारखी दलालीच तेथे नाही. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की तो एजंट मालकाचा माणूस आहे, आपल्या मुलीचा नव्हे, आणि त्याच्या गोड बोलण्यावर विसंबून कोणतीही गोष्ट तोंडी ठरवू नये.

एजंटाने मागितलेले १२० पौंड नियमात बसतात. खोली राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचे भाडे घेता येते, आणि ५२० पौंडांच्या हिशेबाने ते नेमके तेवढेच होते. मालकाने माघार घेतली तर हे पैसे परत मिळतात. आपल्या मुलीने माघार घेतली, चुकीची माहिती दिली किंवा ती राइट टू रेंट तपासणीत, म्हणजे व्हिसाच्या आधारे घर भाड्याने घेण्याचा हक्क पडताळण्यात, उतरली नाही, तर ते जाऊ शकतात. म्हणून ई-व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे एजंटाला तिचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा यासाठीचा क्रमांक, मिळवण्याची तयारी आधीच करून ठेवावी.

एजंटाच्या बाजूने माझे मत झुकते त्याचे खरे कारण पैशांची सुरक्षितता हे आहे. भाडेकरूंचे पैसे हाताळणाऱ्या एजंटाने पैशांच्या संरक्षणाच्या मान्यताप्राप्त योजनेत सहभागी असणे २०१९ पासून सक्तीचे आहे, आणि तक्रार निवारण योजनेचे सदस्यत्वही त्याला घ्यावेच लागते. ही दोन्ही नावे त्याच्या कार्यालयात व संकेतस्थळावर लावलेली असली पाहिजेत. ती त्या त्या योजनेच्या यादीत स्वतः पडताळून पाहावीत. वर सांगितलेल्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने घरमालकांसाठीही लोकपालाची तरतूद केली आहे, पण एजंटांवर हे बंधन बऱ्याच आधीपासून आहे.

तरीही थेट घरमालक नकोच, असे मी म्हणणार नाही. जवळच राहणारा, एक-दोन घरे असलेला मालक पुष्कळदा एजंटापेक्षा बरा निघतो. जानेवारीच्या थंडीत घर व पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला तर तो स्वतः माणूस घेऊन येतो, आणि एजंट मात्र मालकाच्या परवानगीची वाट पाहत बसतो. काही एजंट केवळ भाडेकरू मिळवून देतात व नंतरची देखभाल मालकाकडेच असते, हेही करारापूर्वी विचारून घ्यावे. असा मालक शोधायचा तर लीड्समध्येच युनिपोल ही विद्यार्थी-निवासासाठी काम करणारी धर्मादाय संस्था आहे. तिची आचारसंहिता स्वीकारलेल्या मालकांची घरे तिच्याकडे पाहायला मिळतात. घर खरोखर त्याच माणसाचे आहे का, हे लँड रजिस्ट्री या मालमत्तांच्या सरकारी नोंदणी कार्यालयातून सात पौंडांत कळते. गॅसच्या वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि एका घरात पाच किंवा अधिक विद्यार्थी राहणार असतील तर मालकाकडे नगरपालिकेचा परवाना आहे ना, हे पाहावे.

जामीनदाराची अडचण खरी आहे आणि ती पूर्वीपेक्षा बिकट झाली आहे, कारण पूर्वी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे भाडे एकदम भरून ती सोडवता येत असे. आता खासगी घरांसाठी तो मार्ग बंद झाला आहे. काही विद्यापीठे स्वतः हमी देतात, त्यासाठी विद्यार्थी-निवास कार्यालयाला आजच लिहा. शुल्क घेऊन हमी देणाऱ्या कंपन्याही आहेत, पण तो शेवटचा पर्याय समजावा. लीड्समधील एखाद्या ओळखीच्या मराठी कुटुंबाला जामीन राहण्याची गळ घालण्यापूर्वी करार नीट वाचा. चौघांचा संयुक्त करार असेल, तर एकाने बुडवलेल्या भाड्याची जबाबदारीही त्यांच्यावर येऊ शकते.

प्रवेशाला अजून अवधी असेल, तर पहिले काही आठवडे तात्पुरत्या निवासात राहून खोली प्रत्यक्ष पाहावी आणि मगच करार करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : लेस्टरमधील खोली सोडताना घरमालकाने भिंतीवरील बुरशीचे कारण देऊन माझ्या डिपॉझिटमधून ३०० पौंड कापले. घर त्याच्याकडूनच थेट घेतले होते. काय करावे? — एक विद्यार्थी

उत्तर : घर थेट घेतलेले असो वा एजंटामार्फत, डिपॉझिट हाती आल्यापासून ३० दिवसांत ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करणे मालकाला बंधनकारक आहे. अशा तीन योजना आहेत : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिघींच्या संकेतस्थळांवर आपले नाव व पत्ता घालून शोध घ्या. डिपॉझिट तेथे सापडले, तर त्या योजनेकडे वाद न्या. ही सोय मोफत आहे, निर्णय कागदपत्रांवर होतो आणि नुकसान आपल्यामुळे झाले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. खोलीत आल्या दिवशीची छायाचित्रे, ओल असल्याचे कळवणारे आपले ईमेल, मालकाची उत्तरे, हे सगळे तारखेनुसार लावून पाठवा. भिंतीतली ओल किंवा दमट हवा बाहेर टाकणारा पंखा बंद पडणे यामुळे धरलेली बुरशी आपल्या माथी मारता येत नाही. मात्र खोलीची खिडकी कधीच न उघडल्याने ती वाढली, असे मालक म्हणू शकतो, त्याचे उत्तर तयार ठेवा.

डिपॉझिट तिन्ही ठिकाणी सापडले नाही, तर न्यायालयात आपल्याला मूळ रकमेशिवाय तिच्या एकपट ते तिप्पट भरपाई मागता येते. आधी मालकाला तसे लेखी कळवा. पुष्कळ प्रकरणे त्या पत्रावरच मिटतात. विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र असे पत्र लिहायला विनामूल्य मदत करते.