आयुष्यात सगळंच बदलत असताना देव सोबत आहे यावर विश्वास कसा ठेवायचा?

नोकरी गेली, आई गेली, घर बदललं आणि आता प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. नव्या नोकरीसाठी दूर जावं का, हेही विचारलंय. ते सगळं वाचून मी पुढे गेलेच असते, पण शेवटच्या वाक्याला अडकले : 'देव जाणवत नाही म्हणजे माझ्याच विश्वासात खोट आहे का?'

हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी ऐकलंय. तेव्हा त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं आणि ते माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने म्हटलं होतं.

मी गायचे. शाळेत असल्यापासून चर्चच्या गायनमंडळात होते, पुढे तीसेक वर्षं सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सगळ्यात वरच्या सुरात गाणारी. देव सोबत आहे का असले प्रश्न मला कधी पडलेच नाहीत. दर रविवारी शेवटच्या कडव्याला वरचा सूर लागला की छातीत काहीतरी भरून यायचं, आणि त्यालाच मी देवाचं सान्निध्य समजायचे. मग थायरॉइडला गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. पण स्वरयंत्राकडे जाणारी नस थायरॉइडच्या पाठीमागून, अगदी चिकटून जाते, ती दुखावली. असं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं आणि मी सही केली होती, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय उरली नाही. डावा स्वरतंतू हलेनासा झाला. बऱ्याच जणांचा सहा महिन्यांत, वर्षभरात पूर्ववत होतो. माझा झाला नाही. स्पीच थेरपीने बोलण्यापुरता आवाज आला, तोही घोगरा, निम्मा वाऱ्यावर जाणारा. गाणं संपलं.

आणि गाण्याबरोबर देवही गेला. मी हे अलंकारिक बोलत नाहीये. उपासनेला बसायचे आणि आत काहीही हलायचं नाही. चाळीस मिनिटं ताटकळत बसून डॉक्टर आलेच नाहीत म्हणून घरी परतावं, तशी मी चर्चमधून परतायचे.

मग ताई आली. ताई म्हणजे आमच्या घरातलं प्रार्थनेचं मुख्य कार्यालय. दर बुधवारी तिचा गट घेऊन यायची, माझ्या गळ्यावर हात ठेवून सगळे प्रार्थना करायचे. फ्रिजवर तिने बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ लिहून चिकटवलं होतं : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, वगैरे. एका बुधवारी ती म्हणाली, "देवाने मला दाखवलंय, नाताळच्या आत तुझा आवाज परत येणार." नाताळ आला आणि गेला. जानेवारीत तिने निदान बदललं. "तू कबूल न केलेलं काहीतरी आत आहे. गाण्याचा गर्व असेल, कुणाला क्षमा केली नसशील. जाणवत नाही म्हणजे तूच दूर गेलीयेस."

गर्व होता, ते मान्य. पण गर्व तर आवाज असतानाही होता, आणि तेव्हा देव मजेत जाणवत होता!

त्या रागात मी यिर्मयाचा २९वा अध्याय अथपासून इतिपर्यंत वाचला. तुम्हीही ११वं वचन सोडून बाकीचा वाचा. ते एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७च्या सुमारास यरुशलेमेतून ज्यांना धरून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलं, त्यांना यिर्मयाने पाठवलेलं. ११व्या वचनाच्या आधी १०वं आहे हे लोक विसरतात. त्यात सत्तर वर्षं लिहिलीत. सत्तर! म्हणजे ज्यांच्यासमोर ते पत्र वाचलं गेलं त्यांच्यातले बहुतेक परत जाणारच नव्हते. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याच नगरासाठी प्रार्थना करा. आणि त्याच्या आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. तो सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार. तो खोटा ठरला. मी ताईला फोन करून म्हटलं, "तू यिर्मयाचं वचन लिहून हनन्याचा निरोप देतेस." त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद होतं.

त्याच बंदिवानांचं १३७वं स्तोत्र आहे. बाबेलच्या नद्यांजवळ बसून ते रडतात, वीणा झाडांवर टांगतात आणि विचारतात, परक्या देशात परमेश्वराचं गीत कसं गावं? हे मला गळा जाईपर्यंत निव्वळ सुंदर काव्य वाटायचं. त्यांचं दुःख नुसतं घर सुटल्याचं नव्हतं. देव यरुशलेमेच्या मंदिरात राहतो, आणि मंदिर मागे राहिलं, म्हणजे देवही मागे राहिला, असा तो हिशेब होता. माझंही मंदिर वरच्या सुरात होतं, म्हणून तो हिशेब मला लगेच कळला.

आणि तिथेच, त्याच बाबेलमध्ये, बंदिवासाच्या पाचव्या वर्षी खबार नदीकाठी यहेज्केल संदेष्ट्याला देवाच्या सिंहासनाचं दर्शन होतं. त्याच्या पुस्तकाचं ते पहिलं प्रकरण विचित्र म्हणून आपण घाईघाईने उलटतो. जिवंत प्राणी, चाकात चाक, चाकांच्या धावांना डोळे. मी ते चार-पाचदा वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्या सिंहासनाच्या खाली चाकं आहेत. ते हलतं. मागे राहिलाय असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, तो यांच्या आधीच नदीकाठी हजर. आणि कुणालाही ते सुखद वगैरे वाटलेलं नाही. यहेज्केल सात दिवस सुन्न होऊन बसला होता.

तर तुमच्या प्रश्नाचं, निदान अर्ध्या प्रश्नाचं, माझं उत्तर असं : देव सोबत असणं आणि तो सोबत असल्याचं जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुसरीवर विश्वास ठेवत असतो आणि तिला पहिलीचं नाव देतो. योसेफ तुरुंगात पडला तेव्हा परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायात लिहिलंय. ते लिहिणाऱ्याने लिहिलंय. योसेफाला त्या रात्री काय जाणवलं याबद्दल एक शब्द नाही. एस्तेरच्या इब्री पुस्तकात तर देवाचं नावही येत नाही, तरी ते शास्त्रात आहे. आणि ८८वं स्तोत्र उघडा. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेऊन स्तुतीवर येतात. हे येत नाही, अंधारात सुरू होतं आणि अंधारावरच संपतं. ते लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नाही की आधी मन ठीक कर आणि मग प्रार्थना कर. त्याची ती कुरकुरच प्रार्थना म्हणून ठेवली गेली. मी वर्षभर तेच वाचत होते, कुजबुजत, कारण दुसरा आवाजच नव्हता.

ताईला मी एकदा विचारलं होतं, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास असं वधस्तंभावर येशू ओरडला, त्याच्या आत कोणतं कबूल न केलेलं पाप होतं?" तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते चुकीचंही नाही : "तो आपलं पाप वाहत होता." मी तेव्हा गप्प बसले. याला काय म्हणायला हवं होतं ते मला तीन वर्षांनी, कपडे वाळत घालताना सुचलं : मग त्याने ते वाहून नेलंय ना ताई, आता पुन्हा माझ्या दारात कशाला आणून ठेवतेस?

व्यवहारात मी काय केलं ते सांगते, फार थोर काही नाही. गायनमंडळातून उठले आणि शेवटच्या बाकावर बसायला लागले. पाळकांनी मला गीतांचे क्रमांक फळीवर लावायचं काम दिलं. दयेपोटी दिलं हे मला कळत होतं, आणि आधी अपमानच वाटला. एका आजोबांचा आवाज मी तिथे पहिल्यांदा ऐकला. प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा मागे, सूर कुठल्या कुठे, पण सगळी कडवी पाठ. तीस वर्षं ते त्याच बाकावर गात होते आणि मला माझ्या आवाजापलीकडे काही ऐकूच आलं नव्हतं. तेव्हा छातीत काही भरून आलं का? नाही. फक्त, मी गात नसताना गाणं चालू आहे, हे कानांनी ऐकलं. त्यावर मी बरेच महिने काढले. ज्या दिवशी माझ्याच्याने विश्वास ठेवणं होत नव्हतं, त्या दिवशी तो शेजारच्या बाकावरून ऐकला. म्हणून तुम्हाला सांगेन, जाणवत नसलं तरी उपासनेला जाणं सोडू नका, आणि 'तुझं कुठेतरी चुकतंय' म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसू नका.

आता हे आधीच सांगायला हवं होतं, ते सांगते. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर स्तोत्रं वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना भेटा. मला स्वतःला सहा महिने औषधं घ्यावी लागली. आणि ताईबद्दल मी इथे एकतर्फी लिहिलंय. शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ रात्री माझ्या उशाशी तीच बसली होती. पापाची जाणीव होऊन माणूस देवापासून तोंड लपवतो, असंही घडतं. पापाची कबुली देणारं दाविदाचं ५१वं स्तोत्र आहेच. फक्त ते ज्याचं त्याने ओळखायचं असतं, दुसऱ्याच्या गळ्यावर हात ठेवून नव्हे.

गेल्या वर्षी भाऊजी गेले. ताई रात्री-अपरात्री फोन करायची. एकदा म्हणाली, "काहीच जाणवत नाही गं." 'तुझं कोणतं पाप?' असं विचारायचा मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं ते वाक्य जिभेवर तयार होतं. पण रात्री माझा आवाज जवळजवळ नसतोच, त्यामुळे मी नुसती फोन धरून बसले. ती रडत होती आणि मी ऐकत होते. आता ती सावरलीय, आणि परवाच तिच्या गटातल्या एका बाईला तिने यिर्मया २९:११ लिहून दिलं. मी विचारलं, "१०वं पण दिलंस का?" तिने विषय बदलला.

नव्या नोकरीचं मला सांगता येणार नाही. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या ९व्या अध्यायात रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना वाट दाखवणारा देवाचा ढग निवासमंडपावर, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूवर, कधी दोन दिवस थांबायचा, कधी महिनाभर, कधी त्याहून जास्त. तो उठला की सगळे तंबू उपटायचे. उद्या निघायचं की नाही हे आदल्या रात्री एकालाही माहीत नसायचं. तुमच्या नोकरीच्या पत्रावर तर उत्तराची तारीख तरी छापलेली असेल.