एमजीबीमध्ये घरी बनवलेला साधा हीटर बसवता येईल का?

हो, येईल, आणि नीट केलात तर कंपनीच्या मूळ हीटरपेक्षा चांगला चालेल. तुमची १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, आधीच्या मालकाने हीटरचा डबाच काढून टाकलाय, इंग्लंडच्या थंडीत काचेवर आतून वाफ धरते आणि पाय गारठतात, आणि तुमचा प्रश्न असा की ऑनलाइन मिळतो तो १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक हीटर लावू का पत्र्याचं काहीतरी बनवू. मी इकडे मिडलँड्समध्येच राहतो, सुट्टीच्या दिवशी जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

इलेक्ट्रिकचा विचार आधी डोक्यातून काढा. ते हीटर १५० वॅटचे असतात, म्हणजे साडेबारा अँपिअर खाणार, आणि त्या काळचा लुकास कंपनीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) देतो जेमतेम ३४ अँपिअर, त्यातून हेडलाइट, वायपर, इग्निशन सगळं चालवायचंय. एवढं करून हाताला कोमट हवा लागते, काच काही साफ होत नाही. उलट इंजिनचं गरम पाणी दोन-तीन किलोवॅट उष्णता सहज देतं आणि ती फुकट आहे, नाहीतरी ती रेडिएटरमधून बाहेरच फेकली जाते.

तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवा. माझं स्पष्ट मत असं आहे की सोपं करायचं ते कंट्रोल, हवेचा रस्ता नाही. डॅशवरच्या नॉब, त्यांच्या अडकणाऱ्या केबल, पायाकडचे फ्लॅप हे सगळं गेलं तरी चालतं. पण बाहेरची ताजी हवा आत यायलाच हवी. बरेच लोक डॅशखाली तयार युनिट टांगतात जे आतलीच हवा फिरवत बसतं, मग दोघांचा श्वास आणि ओल्या जॅकेटांचा दमटपणा त्याच हवेत राहतो आणि काच परत धुरकट. एमजीबीत काचेच्या पुढे बॉनेटमागे ग्रिल आहे, तिथून हवा बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) पोकळीत येते आणि मूळ डबा तिथूनच ती घ्यायचा. तुम्ही पण तीच जागा आणि तेच भोक वापरा. इंजिनकडची हवा एक चिमूटभरही आत येता कामा नये कारण एक्झॉस्ट थोडा जरी गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या नाकात जाणार, वास पण येत नाही त्याला. आणि डबा बसवायच्या आधी त्या पोकळीची ड्रेन नळी तारेने साफ करून घ्या, ती पाल्याने तुंबते आणि मग पावसाचं पाणी आत साचत राहतं.

आता डबा. आधी पुठ्ठ्याचा करा, पत्र्याला हात लावू नका. पुठ्ठा जागेवर बसवून बॉनेट बंद होतं का बघा, पेनने खुणा करा, आणि मगच सव्वा-दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा कापून वाकवून पॉप रिव्हेट मारा. एक बाजू स्क्रूवर ठेवा, उद्या मॅट्रिक्स (आतला छोटा रेडिएटर) बदलायचा तर अख्खा डबा उपसायला लागू नये, मूळ डब्याचा तो त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना विचारा. फॅन मॅट्रिक्सच्या आधी, थंड हवेच्या बाजूला ठेवा म्हणजे मोटर तापत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅट्रिक्सच्या चारही कडांना क्लोज्ड सेल फोमची (ज्यातून हवा-पाणी जात नाही अशा फोमची) पट्टी अशी दाबून बसवा की हवेला मॅट्रिक्सच्या पातळ पत्र्यांच्या फटींमधून जाण्याशिवाय वाटच राहणार नाही. तिथे बोटभर फट राहिली की हवा तिथूनच सटकते, रिंग ढिली झालेल्या कुकरसारखं, गॅस जळत राहतो आणि आत शिजत काही नाही. जुन्या एमजीबींचा हीटर गरम होत नाही अशी तक्रार असते ना, त्यात बऱ्याचदा मॅट्रिक्स चांगला असतो, फोम कुजून भुगा झालेला असतो.

डब्यातून दोन नळ्या काचेखालच्या डिमिस्टर फटींकडे (जिथून काचेवरची वाफ घालवायला हवा सुटते) न्या आणि एक पायाकडे, पायाच्या नळीला साधं झाकण करा. झाकण बंद केलं की सगळी हवा काचेवर. आधी काच, मग पाय.

मॅट्रिक्स जुना वापरणार असाल तर आधी तपासा. एक तोंड बंद करा, दुसऱ्याला होज लावून सायकलच्या पंपाने १०-१२ पीएसआय दाबाने हवा भरा आणि बादलीत बुडवून ठेवा. सांध्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली तर तो रेडिएटरवाल्याकडे द्या नाहीतर नवीन घ्या.

पाण्याची जोडणी सोपी आहे. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकातून गरम पाणी निघतं, मॅट्रिक्समधून फिरून ते इंजिनच्या वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत जातं. हे थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे असल्यामुळे थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच हीटर तापायला लागतो. व्हॉल्व्ह येणाऱ्या लाइनवर ठेवा, बॉनेटखाली हाताने फिरवायचा असला तरी चालेल, नोव्हेंबरला उघडायचा आणि मार्च-एप्रिलला बंद करायचा. होजचा एकही सांधा केबिनमध्ये नको, नव्वद अंशाचं पाणी पायावर आलं तर चालवणाऱ्याचं काय होईल विचार करा. थर्मोस्टॅट ७४ अंशांना उघडणारा असेल तर हिवाळ्यापुरता ८८ चा टाका, फरक लगेच जाणवतो.

फॅनला इग्निशनवर चालणारी वेगळी लाइन द्या, रिले आणि मोटरच्या अँपिअरप्रमाणे स्वतंत्र फ्यूज लावून. तुमची गाडी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं) आहे म्हणून काळजी नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे १९६७ च्या आधीची असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थ असते, तिथे ब्रशलेस फॅन उलटा जोडला तर जळतो आणि साधी ब्रशवाली मोटर उलटी फिरते, आवाज तसाच येतो पण हवा कमी.

पाणी भरताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि गाडीचं नाक जॅकने उचला, हीटर उंचावर असल्यामुळे तिथे हवा अडकते. इंजिन तापलं की दोन्ही होजना जपून हात लावून बघा. येणारी गरम आणि जाणारी गार म्हणजे हवा अडकलीय किंवा मॅट्रिक्स गाळाने भरलाय, दोन्ही गरम असूनही आत गारच हवा आली तर परत फोमकडे जा. पहिली चक्कर मारून आल्यावर इंजिन पूर्ण गार झालं की होज क्लिप एकदा परत आवळा. डब्याच्या जागेची मापं आणि फोटो टाकलेत तर पुठ्ठ्याचा नमुना कसा कापायचा ते काढून देतो.