मशीन लावलं, तरी आप्पांना बोलणं का कळत नाही?

"एवढे पैसे घालून कानाचं मशीन घेतलं आणि बाबा ते डबीतच ठेवतात." जळगाव असो, धुळे असो की चोपडा, घरोघरची तक्रार हीच.

ऐकण्याच्या सरावासाठी माझ्याकडे आलेले अमळनेरकडचे एक आप्पा आठवतात. कापसाची शेती, वय सत्तरीपुढे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा म्हणाला, "मॅडम, यांचं लक्षच नसतं." आप्पा म्हणाले, "माले आवाज येस, पन बोलनं समजत नही."

आप्पा खरंच सांगत होते. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. 'स'चा जोर साधारण ४००० हर्ट्झच्या वर, स्वर मात्र खालच्या पट्टीत. म्हणून 'साठ'चं 'आठ' ऐकू येतं. मशीन हरवलेले आवाज परत आणतं, पण त्यांची सवय मोडलेल्या मेंदूला ती नुसती खरखर वाटते. कान आवाज गोळा करतो, अर्थ मेंदू लावतो, आणि मेंदू म्हातारपणीही शिकतो, असं मी ठामपणे मानते.

मी नातीला हाताशी धरलं. रोज थोडा वेळ, मशीन लावून, टीव्ही-पंखा बंद. तिने पेपरातले बाजारभाव वाचायचे, आप्पांनी ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. मग पेपर न बघता. मग पंखा लावून.

काही आठवड्यांनी माझ्यासमोर नातीने तोंडापुढे पेपर धरला. "सात हजार साठ." आप्पांनी तस्संच म्हणून दाखवलं. मी तिला खुणेने आकडा बदलायला लावला. "सात हजार आठ." आप्पा लगेच म्हणाले, "आते आठ!" आणि जरा थांबून, "पहिले दोन्ही सारखंच वाटे माले." मुलगा बघतच राहिला. आप्पांचे कान होते तसेच होते, ओळखणं सुधारलं होतं. यासाठीच मी आधी विचारते की आजोबांना जीव लावून ऐकावंसं काय वाटतं. आप्पांना भाव हवा होता, कुणाला हरिपाठ हवा असतो.

घरच्यांनो, पहिल्याच दिवशी दिवसभर मशीनचा हट्ट धरू नका. शांत घरात तासभर लावून सुरुवात करा, हळूहळू वाढवा. ओरडू नका, ओरडण्याने स्वर मोठे होतात, 'स' तेवढा नाही. समोर बसा, तोंड दिसू द्या. कळलं नाही तर वाक्य बदलून सांगा, पण "जाऊ द्या, काही नाही" कधीच म्हणू नका. त्या चार शब्दांनी माणूस बोलण्यातून उठून जातो. मशीन शिट्टी मारत असेल किंवा आवाज टोचत असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून (कानाची ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ) सेटिंग आणि कानातला मळ तपासून घ्या. लग्नाचा मांडव आणि आठवडी बाजार सगळ्यात शेवटी.