माल्टा, 6 रात्री, सासूबाईंसोबत

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा, 10 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे 6 रात्री माल्टाला जायचं म्हणतोय. सासूबाई 69 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. एजंटने एक दिवस सिसिली (इटलीचं बेट), एक दिवस गोझो, एक दिवस कोमिनो (ही दोन्ही माल्टाचीच छोटी बेटं) असं बसवून दिलंय. झेपेल का त्यांना? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : अगं, पहिल्यांदा ती सिसिली काढून टाक. बोट पावणेदोन तासांत पोचते हे खरंय, पण पहाटे उठून निघायचं, तिकडे दिवसभर बसमध्ये बसायचं आणि रात्री उशिरा परत, म्हणजे सासूबाईंचा दुसरा दिवसही पलंगावरच जाणार. माल्टा देश अख्खा 316 चौरस किलोमीटरचा, आपल्या मुंबईपेक्षाही लहान, म्हणून लोकांना वाटतं दोन दिवसांत उरकेल, आणि तिथेच घोळ होतो.

मी म्हणेन 4 रात्री राजधानी व्हॅलेटात आणि 2 रात्री गोझोला. गोझोला लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, पण दिवसभराची गर्दी परत गेली की गावं शांत होतात, ते बघायला तिथे मुक्कामच हवा. जगान्तियाची देवळं साडेपाच हजार वर्षांपूर्वीची आहेत, पिरॅमिडच्याही आधीची. आणि मार्सालफॉर्नजवळची मिठागरं चुकवू नका, आपल्या उरण-वसईकडे मातीत असतात ना, तशीच चौकोनी खाचरं पण थेट पिवळसर खडकात कोरलेली, समुद्राला अगदी लागून. मीठ उन्हाळ्यात गोळा करतात, तुम्हाला खाचरांत नुसतं पाणी दिसेल, तरी संध्याकाळच्या उन्हात तिथे नुसतं बसून राहावं असं वाटतं, आणि गाडी जवळपर्यंत जाते म्हणून गुडघ्यांनाही त्रास नाही.

कोमिनोचं निळं पाणी मात्र दिवाळीत वाऱ्यावर अवलंबून. बोटी रद्द होतात, तेव्हा आधी पैसे भरून ठेवू नका.

व्हॅलेटात बऱ्याच गल्ल्या म्हणजे पायऱ्याच, आणि दगड झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की घसरतात. म्हणून खोली रिपब्लिक स्ट्रीटच्या आसपास वरच्या सपाट भागात बघा. खाली बंदरावरून वर बराक्का बागेत यायला लिफ्ट आहे, 58 मीटर उंच, सासूबाईंसाठी ती वरदानच समजा. मुलाला दुपारी 12 ला बागेत न्या, खालच्या तोफा उडवतात ते बघायला मिळेल. सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं 1608 चं मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही कुठे, तर जमिनीवर सांडलेल्या रक्तात. मुलाला ती शोधायला सांगा! कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. त्या दिवशी मार्साश्लॉक या कोळ्यांच्या गावी जा, रंगीत होड्या, प्रत्येकीच्या नाकाशी दोन डोळे रंगवलेले. (बाजार मासळीचा आहे, सासूबाईंना किनाऱ्यावर लांब बसवा.)

हिपोजियम या जमिनीखालच्या दफनस्थळात एका वेळी फक्त 10 जणांना सोडतात, तिकीट काही आठवडे आधीच काढावं लागतं. मी बुकिंग न करता गेले होते, दारातून परत यावं लागलं, अजून हळहळ वाटते.

खाण्याचं म्हणाल तर मटार भरलेली पास्तित्सी (खुसखुशीत पापुद्र्यांची पेस्ट्री) गल्लोगल्ली मिळते, पण पारीत कधीकधी चरबी असते म्हणून विचारूनच घ्या. इंग्रजी सगळ्यांना येतं, विचारायला अडचण नाही. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलंत तर बरं, थालीपिठाची भाजणी आणि चिवडा न्या, फक्त तूप, पनीर, दुधाची पावडर नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

प्रश्न : गोझोची ती प्रसिद्ध दगडी कमान बघायला कुठून जायचं? आणि प्लग कुठला लागतो? (पुण्याहून)

उत्तर : ती कमान, म्हणजे अझूर विंडो, 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली, आता तिथे नुसता समुद्र आहे. जुने फोटो बघून तेवढ्यासाठी जाऊ नका. प्लग ब्रिटिश, तीन चपट्या पिनांचा. गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

आणि नाशिकच्या ताई, व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) लागेल, 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा हवा. तेव्हा गणपतीपर्यंत थांबू नका, आताच अपॉइंटमेंट बघा.